अकराशेचं गणगोत

होंडा एसटी ११०० या मोटरसायकलची पेट्रोलची टाकी दिसते तिथे नसते. हँडल आणि सीट यांच्या मधल्या जागेत, जिथे इतर गाड्यांना टाकी असते, तिथे हिला प्लास्टिकचं कव्हर आहे. त्याच्याखाली एअर फिल्टरचा डबा, चार कार्बोरेटर आणि वायरिंग. पेट्रोल भरायचं झाकण वरच असतं, पण टाकी सीटखाली, पार तळाशी बसवलेली आहे. तिच्यात २८ लिटर पेट्रोल मावतं. एवढं वजन जमिनीजवळ राहिल्यामुळे तीनशे किलोंहून जड असलेली ही गाडी चालायला लागली की तिचा जडपणा जाणवेनासा होतो. एकदा टाकी भरली की साडेचारशे किलोमीटरची निश्चिंती.

ही गाडी १९९० साली युरोपात ‘पॅन युरोपियन’ या नावाने आली आणि पाठोपाठ अमेरिकेत. २००२पर्यंत ती फारशी न बदलता बनत राहिली. आज तिच्यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा वीस वर्षं मागे टाकून पुढे गेलेली आहे. तरीही अमेरिकेच्या रस्त्यांवर ती दिसते, आणि तिच्या मीटरवर लाख मैल, म्हणजे एक लाख साठ हजार किलोमीटर, ही काही अपूर्वाई मानली जात नाही. एवढं आयुष्य तिला कशामुळे मिळालं, याचं अर्धं उत्तर होंडाच्या इंजिनिअरांकडे आहे. उरलेलं अर्धं उत्तर मला शनिवारच्या सकाळी, अनोळखी लोकांच्या गॅरेजमध्ये, ग्रीसने माखलेल्या हातांकडून मिळालं. हा लेख मुख्यतः त्या हातांबद्दल आहे.

मधल्या वाटेची गाडी

एसटी ११००, म्हणजे आमची ‘अकराशे’, स्पोर्ट टूरिंग जातीची. स्पोर्ट टूरिंग म्हणजे शर्यतीच्या आणि लांबच्या प्रवासाच्या गाडीची सांगड. वळणावर चपळ, हायवेवर वेगवान; पण पाठ न मोडता दिवसाला सहाशे-सातशे किलोमीटर नेणारी, वारा अंगावर येऊ न देणारी, दोन्ही बाजूंना कुलूपबंद पेट्या असलेली. या जातीची पायाभरणी केली ती बीएमडब्ल्यूच्या आर १०० आरएसने, १९७६ साली. तिचं पूर्ण फेअरिंग इटलीतल्या पिनिनफारिनाच्या वाऱ्याच्या बोगद्यात घासूनपुसून तयार झालं होतं. १९८३ साली के १०० आरएस आली, १९८६ साली कावासाकीची कॉन्कोर्स.

अमेरिकेत मात्र त्या काळी मोठ्या जपानी गाड्यांची वाट बिकट होती. १९८३ साली रेगन सरकारने ७०० सीसीहून मोठ्या आयात मोटरसायकलींवरचा कर ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेला. डबघाईला आलेल्या हार्ली-डेव्हिडसनला सावरायला उसंत मिळावी, हा त्यामागचा हेतू. हा कर दरवर्षी उतरत जाऊन पाच वर्षांत संपायचा होता. जपानी कंपन्यांनी ७५० सीसीच्या गाड्या ७००च्या आत बसवून विकल्या आणि दिवस काढले. १९८७ साली सावरलेल्या हार्लीने स्वतःच सरकारला सांगितलं, की आता आम्हाला या कराची गरज नाही.

अकराशे या सगळ्यानंतर आली. जर्मनीतल्या होंडाच्या मंडळींना बीएमडब्ल्यूच्या अंगणातच बीएमडब्ल्यूच्या तोडीची गाडी हवी होती आणि त्यांच्या आग्रहातून ती घडली. १०८४ सीसीचं, पाण्याने थंड होणारं, चार सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं; मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट. चेनला तेल घालणं नाही, ती ताणणं नाही, कपड्यांवर काळे शिंतोडे नाहीत. फेअरिंगच्या दोन्ही बाजूंना खाली फुगीर पंख आहेत. गाडी कलंडली तर ती या पंखांवर टेकते आणि इंजिन, पेट्या, माणसाचा पाय बऱ्याचदा वाचतो. गाडी कधीतरी पडणारच, हे ज्याने ती आखली त्याने मान्य केलं होतं. या गाडीवर माझा जीव जडला तो या समंजसपणामुळे.

केरी गावची खरेदी

माझी होंडाशी ओळख पुण्यात झाली. १९८४ साली पुण्याच्या किनेटिकने होंडाशी भागीदारी करून बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आणली आणि लुनावरून कॉलेजला जाणाऱ्या आम्हा मुलींना एक पायरी वर चढवलं. पुढे नोकरीच्या निमित्ताने नॉर्थ कॅरोलायनात आले. केरी आणि आसपासच्या गावांत मराठी घरं भरपूर. गणपती, दिवाळी पहाट, मराठी शाळा सगळं आहे. मुलं मोठी झाल्यावर मी मोटरसायकलचं शिक्षण घेतलं, लायसन्सवर तशी नोंद करून घेतली, काही वर्षं छोटी गाडी चालवली आणि मग अकराशे शोधायला लागले. नवी स्पोर्ट टूरर घ्यायची तर वीस हजार डॉलर कुठल्या कुठे जातात. पंचविशीतली अकराशे दोन-तीन हजारांत मिळते.

स्वस्त गाडी महाग पडू नये म्हणून बरोबर जाणकार हवा. ओळखीतून एका गृहस्थांचा नंबर मिळाला. वीज कंपनीत खांबांवर चढण्यात हयात गेलेली, आता निवृत्त, दारात दोन अकराशे. मी कोण, कुठली, हे न विचारता ते माझ्याबरोबर दोन तास गाडी हाकत यायला तयार झाले. निघण्याआधी त्यांनी विक्रेत्याला फोन करून एकच विनंती केली: आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका.

तिथे पोहोचल्यावर त्यांनी आधी इंजिनवर तळहात ठेवला. गार होतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची खरी परीक्षा गार असतानाच होते. आधी तापवून ठेवलेली गाडी कुणाच्याही हाताने सुरू होते. चोक ओढला, बटण दाबलं, गाडी दोनदा खोकली आणि लागली. चार सिलिंडर एकसारखे चालत आहेत का, हे ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग बॅटरीच्या टोकांना मल्टीमीटर लावला. इंजिन बंद असताना साडेबाराच्या वर व्होल्ट, फेरे वाढवल्यावर चौदाच्या आसपास. आता हेडलाइट लावून, ब्रेक दाबून पुन्हा बघ म्हणाले. काटा ढळला नाही. अकराशेचं हे नाजूक दुखणं आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांना २८ अँपिअरचा आल्टरनेटर होता. लोकांनी त्यावर गरम जाकिटं, जादा दिवे, गरम मुठी यांचा भार टाकला आणि तो जळायला लागला. पुढे होंडाने ४० अँपिअरचा दिला. ही गाडी नंतरच्या वर्षांतली होती.

मग ते पाठीवर आडवे झाले आणि टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन मागच्या चाकाला धरणाऱ्या स्विंगआर्मच्या जोडाखाली शिरले. बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात. ते ओलं मीठ या जोडाच्या सांध्यांत बसतं आणि लोखंड आतून खातं. बाहेरून रंग शाबूत, आत पोकळ. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं. खणखणीत आवाज आला.

टायरची नक्षी नव्यासारखी होती. तिच्यावर बोट ठेवून मी खूश झाले, तेव्हा त्यांनी मला टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते टायर दहा वर्षांहून जुने निघाले. रबर टणक झालं होतं. ओल्या रस्त्यावर त्याचा भरवसा नाही. ब्रेक ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं. टायर आणि ब्रेकचा खर्च किमतीतून वजा करायचं विक्रेत्याने विनातक्रार कबूल केलं.

विक्रेते निवृत्त शिक्षक होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय टेकून एवढं वजन तोलणं त्यांना जमेना. त्यांनी गाडीबरोबर एक वही दिली. वीस वर्षांची प्रत्येक नोंद तिच्यात होती: तारीख, मैल, कुठलं ऑइल, कुठला प्लग, व्हॉल्व्हचं अंतर कधी तपासलं, कुठल्या गावी पंक्चर झाली. कॅमचा बेल्ट बदलल्याची नोंद नव्हती, ते त्यांनी आपणहून दाखवलं. पैसे मोजून गाडी ताब्यात येते, पण ती कशी वागते हे सांगणारी अशी वही सोबत मिळाली तर पहिली दोन वर्षं वाचतात.

कागदपत्रांसाठी आम्ही बँकेत गेलो. इथे मालकीच्या कागदावर विकणाऱ्याने नोटरीसमोर सही करावी लागते. नंबर प्लेट मात्र त्यांनी स्वतःच काढून घेतली, कारण नॉर्थ कॅरोलायनात नंबर माणसाचा असतो, गाडीचा नाही. एमएच १२ म्हणजे गाडीची जन्मखूण मानणाऱ्या माझ्यासारखीला ते चमत्कारिक वाटलं.

शनिवारचं गॅरेज

गाडी घरी आली आणि पुढच्याच आठवड्यात निरोप आला: शनिवारी सकाळी आठला ये, मागचा टायर काढायचाच आहे तर स्प्लाइन बघून घेऊ. याला इथे ‘टेक डे’ म्हणतात. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये आठ-दहा जण जमतात, आपापल्या गाड्या आणतात, हत्यारं एकत्र मांडतात आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त्या चालतात. मजुरी कुणी घेत नाही. नव्या माणसाचं काम त्यांनी करून द्यायचं नाही, त्याच्याकडून करवून घ्यायचं, हा अलिखित नियम.

शाफ्टच्या गाडीला देखभाल लागत नाही, असं लोक समजतात आणि तिथेच घात होतो. शाफ्टची ताकद चाकापर्यंत पोहोचते ती दातेरी सांध्यांतून, हेच स्प्लाइन. त्यांच्यातलं ग्रीस वाळलं की दाते झिजतात, टोकदार होतात आणि एक दिवस निसटतात. इंजिन फिरत राहतं, चाक जागचं हलत नाही. म्हणून मागचा टायर बदलताना दर वेळी हे सांधे उघडायचे, जुनं ग्रीस फडक्याने पुसायचं आणि मॉलिब्डेनमची काळी पेस्ट लावायची. साधं ग्रीस इथे टिकत नाही.

मी चाक उतरवलं. एका निवृत्त नर्सबाईंनी माझ्या हातात ब्रश दिला आणि प्रत्येक दात नखाने चाचपायला सांगितलं. धार लागली तर झीज, गोलवा लागला तर ठीक. माझे दाते शाबूत होते. शिक्षकांच्या वहीत दर टायरला ‘स्प्लाइन, मोली’ एवढीच नोंद होती, तिची किंमत तेव्हा कळली. पेस्ट किती लावायची, बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे, चाक पूर्ण बसण्याआधी सगळं सैल का ठेवायचं, हे पुस्तकात लिहिलेलं आहेच. पण पाना हातात असताना शेजारी उभ्या माणसाने ‘आता थांब’ म्हणणं पुस्तकात नसतं.

दुपारच्या जेवणानंतर त्याच बाईंनी हिरवळीवर आपली जुनी अकराशे मुद्दाम पंखावर कलंडवली. त्या माझ्याहून बुटक्या आणि सत्तरीच्या घरातल्या. गाडीकडे पाठ केली, सीटच्या कडेला कंबर टेकवली, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरला, पाठ ताठ ठेवली आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत गाडी उभी केली. त्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायला त्या विसरल्या नाहीत. नाहीतर गाडी उभी राहून दुसऱ्या बाजूला जाते. मग मला करायला लावलं. तीनशे किलो ही दंडाच्या ताकदीची गोष्ट नाही, हे अंगाला समजलं आणि माझी भीती तिथेच संपली.

अशा भेटींतून माणसं एकमेकांना गाडीमुळे ओळखतात आणि मग गाडीपलीकडे जातात. एसटी मालकांचा क्लब सभासदाला क्रमांक देतो, तो लोक अभिमानाने गाडीवर चिकटवतात. स्पोर्ट टूरिंगवाल्यांची एक जुनी संघटना सुरुवातीला फक्त होंडाच्या नावाने होती. पुढे तिने सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना दार उघडलं. लांब पल्ल्याचे वेडे वेगळेच. आयर्न बट असोसिएशनच्या ‘सॅडलसोअर’मध्ये चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे सोळाशे किलोमीटर, काटायचे आणि पेट्रोलच्या पावत्यांनी ते सिद्ध करायचे. दर दोन वर्षांनी होणाऱ्या त्यांच्या मुख्य स्पर्धेत अकरा दिवसांत अकरा हजार मैलांच्या आसपास धावणारे असतात. या मंडळींमध्ये अकराशेला मोठा मान आहे, कारण तिची टाकी आणि तिचं इंजिन दोन्ही दम धरतात.

डोंगरातला रस्ता

नॉर्थ कॅरोलायनात राहून अशी गाडी बाळगायची आणि ब्लू रिज पार्कवेला जायचं नाही, हे शक्यच नाही. शेनान्डोहपासून ग्रेट स्मोकी पर्वतापर्यंत ४६९ मैलांचा हा रस्ता. मंदीच्या काळात, १९३५ साली, त्याचं काम सुरू झालं आणि शेवटचा तुकडा जोडला गेला १९८७ साली, ग्रँडफादर पर्वताच्या कडेने जाणाऱ्या लिन कोव्ह पुलाने. डोंगराला सुरुंग न लावता, त्याच्या अंगाला फारसा धक्का न लावता रस्ता पुढे जावा म्हणून तो पूल हवेत वळवला आहे. पार्कवेवर ट्रक नाहीत, जाहिराती नाहीत, वेगाची मर्यादा ताशी ४५ मैल. सप्टेंबर २०२४मध्ये हेलीन वादळाने या रस्त्याचे लांबच्या लांब पट्टे वाहून नेले आणि दरडींखाली गाडले, तेव्हा इथल्या मोटरसायकलवाल्यांना घरातलंच काही गेल्यासारखं दुःख झालं.

पश्चिमेला टेनेसीच्या सीमेवर डील्स गॅप आहे. ११ मैलांत ३१८ वळणं. तिथे एका झाडावर पडलेल्या गाड्यांचे तुटके आरसे, फेअरिंगचे तुकडे, वाकलेले लिव्हर लटकवलेले आहेत. आमच्या गटाने निघण्याआधी त्या झाडापाशी उभं राहून एकच नियम पुन्हा सांगितला: प्रत्येकाने आपली गाडी आपल्या वेगाने चालवायची. पुढच्याला गाठायचं नाही, मागच्याला खेचायचं नाही. प्रत्येक फाट्यावर पुढचा थांबेल आणि मागचा दिसला की निघेल. सगळ्यांत शेवटी सगळ्यांत अनुभवी माणूस. हा नियम पाळला म्हणून नवशिक्यालाही तिथे धडधडीविना गाडी चालवता येते. मी वळणाच्या आधी वेग उतरवला, नजर वळणाच्या शेवटाला लावली आणि गाडी कलू दिली. तळातल्या टाकीमुळे ती एकाच शांत हालचालीत खाली गेली आणि तशीच वर आली. कागदावर वाचलेली रचना त्या क्षणी कमरेतून समजली.

उरलेलं काम

ही जात आता आटत चालली आहे. लांबच्या प्रवासाला निघणारे लोक उंच, कच्च्या रस्त्यावरही जाणाऱ्या ॲडव्हेंचर गाड्यांकडे वळले. अकराशेनंतर आलेली तेराशेही बंद झाली आणि अकराशेचे काही सुटे भाग होंडाकडे मिळेनासे झाले. पण बारा वर्षं गाडी फारशी बदलली नाही, त्यामुळे एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीला बऱ्याचदा चालतो. कुणाच्या तरी शेडमध्ये अपघातात गेलेली एक अकराशे सुट्या भागांसाठी ठेवलेली असते आणि ती सगळ्यांची असते. मला टॉर्च घेऊन स्विंगआर्म दाखवणाऱ्या गृहस्थांच्या पिढीची चिंता वेगळी आहे. भाग मिळतील, ते बसवायला शिकणारे हात कुठून येणार?

हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी सहसा आयात करता येत नाही, म्हणून अकराशेसारखी गाडी पुण्यात क्वचितच दिसेल. पण पुण्यात जावा-येझदीवाले आहेत, राजदूत ३५०वाले आहेत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवसाला ते गाड्या पुसून रस्त्यावर आणतात. नाना पेठेतल्या दुकानांत अजूनही कुणी जुना भाग हातात घेऊन ‘याचा जोडीदार आहे का’ असं विचारतो. आता भारतातल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरच्या वायसरी इथेनॉल सोसतील की नाही, ही काळजी तिकडच्या येझदीवाल्याची आणि इकडच्या अकराशेवाल्याची एकच आहे. इथे आम्ही त्यावर काढलेला तोडगा साधा आहे: गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची नाही, ठेवायचीच तर कार्बोरेटर रिकामे करायचे आणि नळ्या चिरण्याआधीच बदलायच्या. हा तोडगा मला कुठल्या कंपनीने सांगितला नाही, शनिवारच्या गॅरेजने सांगितला.

जुनी गाडी पैशाने विकत घेता येते. चालती ठेवता येते ती माणसांमुळे. ज्याला ती घ्यायची असेल, त्याने आधी गाडी शोधू नये, आधी ती सांभाळणारी माणसं शोधावीत. त्यांच्याबरोबर एक दिवस हात काळे करावेत, प्रश्न विचारावेत, आणि जे कळलं ते तारखेसह वहीत लिहावं. मग गाडी घ्यावी. आणि घेतल्यावर पुढच्या नव्या माणसासाठी आपल्या गॅरेजचं शटर उघडं ठेवावं, पाना त्याच्या हातात द्यावा आणि स्वतः शेजारी उभं राहावं. माझ्या गॅरेजमध्ये आता हे सुरू झालं आहे. येणाऱ्यांत केरीच्या मराठी शाळेत शिकलेली एक मुलगी आहे. तिच्याकडे अजून गाडी नाही, पण स्प्लाइनला कुठली पेस्ट लावायची हे तिला माहीत आहे.